गोलातला बारा

डबीवर एक गोल आहे, गोलात बारा.
कुठल्या तरी थंड देशात कुणी तरी
खुर्चीत बसून ठरवलंय
की बाराच्या आतल्या पोरांनी हा सिनेमा बघू नये.
इथे बुकोमच्या गल्लीत, समोरच्या तालमीत,
साडेसहा वर्षांचा ओकाइ
कोपरापर्यंत येणारे ग्लोव्हज चढवून
वाळूच्या पोत्याला शिव्या घालतोय.
त्याला कुठला गोल लावू?

रविवारी तीनचा खेळ.
बाकं पुसून झाली. पंखा एकच चालतो.
पोरं शुक्रवारपासून विचारताहेत,
ओदार्कोर मावशी, त्यात रक्त आहे?
आहे म्हटलं की उड्या.

म्हणून शनिवारी रात्री शटर ओढून
मी एकटीच बघायला बसले, वही घेऊन.
एकटी म्हणजे, अमार्तेई होताच मागच्या बाकावर,
जाळ्याची तीच एक गाठ सोडवत
जी गेला महिनाभर सुटलेली नाही.

वहीत मी लिहिलं:
नाक फुटतं, दोनदा.
भुवई सुजते, वस्ताद ती ब्लेडने उघडतो.
शिव्या अकरा, त्यातल्या चार आमच्या पोरांना ठाऊक नाहीत.
एक चुंबन. लांबलचक. तेवढ्यात पडद्यापुढून झाडू मारत जाता येईल.

पास्टरनी तर न बघताच सांगितलं होतं,
चुंबन असेलच एखादं, तेवढं काप.

अमार्तेई मागून हसत होता.
"आवाज आधी, ठोसा मागून," म्हणाला.
"आणि पोटात बसल्यावर माणूस असा ओरडत नाही गं,
ओरडायला आत हवाच उरत नाही."
बावीस लढती, सतरा जिंकलेल्या.
त्याला नाही तर कुणाला विचारायचं?

मग एक साधीच जागा आली.
स्वयंपाकघर, रात्र. सिनेमातली बायको
त्याचं दातांवरचं रबर कपात धुतेय.
कप तोच, सकाळी मुलगी ज्यातून दूध प्यायली.
संगीत नाही. कुणी कुणाशी बोलत नाही.
मागचं हसू थांबलं.
वळून पाहिलं तर जाळं बाकावर, दार किलकिलं,
आणि तो बाहेर, समुद्राकडे तोंड करून.
माझी पेन्सिल तशीच राहिली.
हे कशाखाली लिहायचं?

शेवटी तो जिंकतो, जिंकणारच.
पंच त्याचा हात वर धरतो,
चित्र तिथेच थिजतं, नावं सरकू लागतात.
हात वरच.
मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं.
कुणी तो हात खाली आणतच नाही.
खाली आला की त्याला शर्टाचं बटण लावायचंय,
चहात साखर ढवळायचीय,
कप बशीवर न वाजवता ठेवायचाय.
रक्ताला मी भ्यायले नव्हते.
त्या हाताला भ्यायले.

पहाटे भट्टीवर मासळी उलटताना
कोर्कोई म्हणाली, नको दाखवूस मग, पैसे परत कर.
मी म्हटलं, बघते.

तीनला शटर उघडलं.
तिकिटं रोज मीच फाडते.
आज दारात स्टूल ठेवलं, अमार्तेईला म्हटलं, बस.
त्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग बसला.

पहिलं तिकीट.
कागदाभोवती बोटं थरथरली,
फाटेना. पुन्हा धरलं. निसटलं.
रांग ताटकळली. मागून एकजण ओरडला,
पुढच्याने त्याच्या टाळक्यात मारून गप्प केलं.
एरवी एकमेकांच्या अंगावरून आत घुसणारी पोरं
एकेक करून उभी राहिली त्याच्यासमोर,
त्याच्या हातांकडे बघत,
लागेल तेवढा वेळ.

ओकाइची पाळी आली.
त्याने तिकीट पुढे केलं, सोडलं मात्र नाही.
दोन्ही मुठींत दोन्ही टोकं ताणून धरली.
"आता फाड," म्हणाला.

टर्रकन फाटलं. जवळजवळ सरळ.
आपलं अर्धं दातांत धरून तो आत पळाला
पहिल्या बाकावर जागा धरायला,
रक्त जवळून दिसावं म्हणून.